बर्फाखालची फळी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पदरचा एक शब्दही घालत नाही. यात जो गेला, तो रेमी माझा नवरा. आणि जिने हे डोळ्यांनी पाहिलं, ती ओदील त्याची थोरली बहीण.

कॅनडातल्या विनिपेग सरोवराचा पूर्वेकडचा काठ, नदीच्या तोंडाजवळ. एप्रिलचा दुसरा मंगळवार. रात्र नव्हती, भर दुपारचे दोन वाजले होते.

गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ करडा पडला होता. या दिवसांत तो आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसतो. पण अंडी घालायला पिकरेल मासाही तेव्हाच नदीच्या तोंडाशी गोळा होतो. रेमीला शेवटचं एक जाळं टाकायचंच होतं. मी नको म्हणत होते. ऐकेल तर शपथ.

आमच्याकडे बर्फाखालून जाळं न्यायला पिवळी रंगवलेली फळी असते. दोरी बांधून बर्फातल्या भोकातून ती आत सोडायची. दोरी ओढली की फळीचा लोखंडी दांडा बर्फाला खालून धडकतो... ठक. फळी ओढणाऱ्यापासून हातभर पुढे, लांब सरकते. एकाने भोकाशी बसून ओढायचं, दुसऱ्याने वरून आवाजामागे चालायचं, म्हणजे पुढचं भोक कुठे पाडायचं ते कळतं.

ओढायला ओदील होती. चालायला रेमी.

तेवढ्यात धुकं उतरलं. रेमी दिसेनासा झाला.

"ए म्हातारे, ओढ की जरा! जेवली नाहीस का?"

"तुझ्या बायकोची भाकरी खाल्लीय! पोटात दगड बसलाय!"

तो खदखदून हसला.

मग दोरी एकदम सैल पडली...

ओदीलने ती गोळा केली. हातात तुटकं टोक आलं. फळी सुटली होती.

ती हाक मारणार, इतक्यात...

ठक.

ठक. ठक.

"अश्शी! आता कशी चाललीय बघ! थांबू नकोस!" रेमी धुक्यातून ओरडला.

ओदीलच्या हातात नुसती दोरी होती.

"रेमी, थांब! मी ओढत नाहीये!"

"काय? ऐकू येत नाही गं! तू ओढ!"

आवाज नदीकडे चालला होता. सगळ्यात कुजका बर्फ तिथेच.

दोरी घेऊन ती त्याच्या पावलांच्या ठशांवरून धावत सुटली. चाळीसेक पावलांवर पायाखाली काहीतरी पिवळं दिसलं. बर्फाखाली आमची फळी अडकून पडली होती.

अगदी स्थिर...

आणि पुढे धुक्यात ठक ठक चालूच होती.

मग बर्फ फुटल्याचा आवाज आला.

रेमी छातीपर्यंत पाण्यात होता. कोपरं कडेवर टेकून कसाबसा तरंगत होता. ओदील पोटावर आडवी झाली आणि तिने दोरी फेकली. त्याने ती मनगटाला गुंडाळली, दातांनी गाठ मारली.

"ओढ, ताई!"

जन्मात कधी तो तिला ताई म्हणाला नव्हता.

तिने ओढली.

ठक.

दोरी हातभर तिच्याकडे आली. रेमी हातभर लांब गेला.

तिला वाटलं, डोळ्यांना भास झाला. पुन्हा ओढली.

ठक...

त्याची कोपरं कडेवरून सुटली. तो पाण्यात मागे मागे, पलीकडच्या बर्फाकडे चालला होता.

ती थांबली. आवाज थांबला. रेमीही थांबला.

ओढलं तर तो लांब जात होता. नाही ओढलं तर डोळ्यांदेखत गारठून मरणार होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. ती घसा फाटेपर्यंत देवाला हाका मारत होती.

"ओढ ना गं," तो म्हणाला. ओठ काळेनिळे पडले होते. "हात बधिर झालेत."

तिने डोळे मिटले आणि सगळा जीव लावून ओढली.

ठक.

दोरी एकदम हलकी होऊन हातात आली. डोळे उघडले तेव्हा पाणी शांत होतं.

रेमी सापडला नाही. मे महिन्यात बर्फ वितळल्यावरही नाही. लोक म्हणाले, ओदील बिचारी भ्रमिष्ट झाली, गाठ सुटली असणार, दुसरं काय.

पण ती दोरी मी पाहिलीय. गाठ सुटली नव्हती. फास इतका आवळलेला होता की त्यातून माझी दोन बोटंही जाईनात.

मग त्याचा हात निघाला कसा?

ओदील आता माझ्याजवळच राहते. दर एप्रिलला एकदा तरी विचारते, "तू असतीस तर ओढली असतीस का गं?"

चौदा वर्षं झाली.