धुळाने बसवलेलं हाड

केराबाई पुकळे शेळीचा मोडलेला पाय डाव्या हाताने चाचपत होती. उजव्या मनगटावर बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती आणि शेळीने ती चघळू नये म्हणून तो हात तिने पाठीमागे धरला होता. शेळी शेजारच्या वस्तीवरच्या सुमलची.

"आक्का, डाव्या हातानं कधीपासनं?" सुमलने विचारलं.

"उजवा रजेवर गेलाय."

सुमल हसली, पण केराबाईला चीर सापडत नाही हे तिला दिसत होतं. अखेर केराबाईने खाली वाकून शेळीच्या पायाला गाल लावला. गालाला मात्र चीर कळली. तिने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सुमलला वाटेला लावलं.

वर्षभरापासून तिच्या उजव्या अंगठ्याची आणि शेजारच्या तीन बोटांची जाणीव कमी होत चालली होती. हाड बसवणाऱ्याचे डोळे बोटांत असतात. तिचा नवरा धुळा याने तिला ही विद्या दिली, ती अशी: चिरलेली कामटी घोंगड्याच्या चार घड्यांखाली ठेवायची आणि चीर कुठे आहे ते वरून बोट फिरवून सांगायचं. दोन वर्षं रोज. धुळा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याचं जे काही तिच्यापाशी उरलं होतं, ते या बोटांत होतं आणि उजव्या मनगटात.

मनगटाची गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. मेंढरं घेऊन कोकणात उतरताना मेंढ्याने धडक दिली आणि ती घाटातल्या खडकावर हातावर पडली. घरच्या माणसाच्या हाडाला हात लावायचा नाही, असा त्यांच्यात नेम होता, कारण हात मऊ पडतो. पण त्या घाटात दुसरं होतं कोण? धुळाने तिचं मनगट धरून ताणलं. ती ओरडली आणि त्याचा हात सैल पडला. हाड थोडं वाकडं बसलं. शेकडो हाडं सरळ बसवणाऱ्या माणसाच्या हातून एवढं एकच वाकडं बसलं, आणि ते बायकोचं. त्या उंचवट्यावरून तो पुढे कित्येकदा अंगठा फिरवायचा, काही न बोलता. तो गेल्यावर ती स्वतःच फिरवू लागली.

आता तोच उंचवटा वाढून आतल्या मज्जातंतूवर दाब देत होता.

मंगळवारी केराबाई आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर तस्नीम अत्तार हिने पाहिलं, पट्टीवरचं बटण अजून दाबलेलंच नव्हतं. पट्टीच्या मधोमध ते बटण होतं. केराबाईने स्वतः दाबल्याशिवाय पट्टी काम सुरू करणार नव्हती. तिने पट्टी बांधून दिल्याला आठ दिवस झाले होते. तस्नीम रागावली नाही. शस्त्रक्रिया का करता येत नाही, ते तिने पुन्हा सांगितलं: या वयाच्या हाडात स्क्रू धरत नाहीत. मग तिने पडद्यावर मनगटाचं चित्र लावलं.

हाडात दोन तऱ्हेच्या पेशी काम करतात, ती म्हणाली. काही हाड रचतात, काही हाड खातात. खाणाऱ्या पेशी आयत्या नसतात. रचणाऱ्या पेशींकडून एक रेणू निघतो, त्याला आपण निरोप म्हणू. हाडाच्या आतल्या मज्जेतल्या कोवळ्या पेशींना तो निरोप ऐकणारे कान असतात. निरोप कानी पडला की त्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांची एक मोठी हाडभक्षी पेशी होते. ती हाडाला चिकटते, आम्ल सोडते, हाड विरघळवते. फार झाल्या तर हाड पोकळ होईल, म्हणून शरीर तोतया कानही सोडतं. निरोप त्यांना जाऊन चिकटतो आणि वाया जातो. पट्टी एवढंच करणार होती: उंचवट्यावर निरोप सोडणार, भोवताली तोतया कान पसरणार.

"म्हंजी धुळानं बसवलेलं हाड खाऊन टाकायचं," केराबाई म्हणाली.

तस्नीम म्हणाली, "मावशी, ते हाड तर कधीच गेलंय. पट्टी नसतानाही हे काम चालूच असतं. जुनं खाल्लं जातं, नवं रचलं जातं. दहा-बारा वर्षांत जवळपास सगळा सांगाडा नवा होतो. तुमचं मनगट या चौतीस वर्षांत दोन-तीनदा तरी नवं झालं असेल."

"आन् वाकडं कसं ऱ्हायलं मग?"

"खाल्लं तिथंच भरलं जातं. भिंतीतला एकेक दगड बदलला तरी भिंत होती तशीच राहते."

केराबाईने मनगटाकडे पाहिलं. धुळाने धरलेला एक कणही आत नव्हता. मग बोटं कशासाठी गमवायची, असा विचार तिच्या मनात आला असावा. तिने बटण दाबलं.

चौथ्या आठवड्यात अंगठ्याला मुंग्या आल्या. दहाव्या आठवड्यात तस्नीमने पट्टी काढली आणि दुसऱ्याच दिवशी सुमलचीच एक मेंढी पाय मोडून आली. केराबाईने उजवा हात लोकरीत घातला आणि केसाएवढी चीर बोटाला लागली. ती न अडखळता ताणून हाड बसवून मोकळी झाली. रजा संपली वाटतं, असं सुमल म्हणाली आणि दोघी हसल्या. त्या दिवशी केराबाई भाकरी थापतानाही हसत होती.

जेवून हात धुतला आणि सवयीने तिचा डावा अंगठा उजव्या मनगटावर गेला. तिथे काही नव्हतं. गुळगुळीत, सरळ मनगट, कोणाही बाईचं असावं तसं. तिने दुसऱ्यांदा अंगठा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. मग चुलीपुढेच बसून राहिली.

पुढच्या मंगळवारी तिने तस्नीमला विचारलं की निरोप सोडून हाड खायला लावता येतं, तसं रचायला लावता येतं का. येतं, तस्नीम म्हणाली. मग माझं होतं तसं वाकडं कर, केराबाई म्हणाली. मज्जातंतूला लागणार नाही इतपत कर.

तस्नीम आधी हसली. मग तिला कळलं की ही थट्टा नाही. तिने जुनं चित्र पडद्यावर आणलं. उंचवट्याची उंची, उतार, सगळं त्यात होतं. म्हणजे साचा हाताशी होता.

"करता येईल," ती हळूच म्हणाली. "पण मावशी, ते आम्ही केलेलं वाकडं असेल. त्यांनी केलेलं नाही."

केराबाईने पडद्यावरच्या मनगटाला बोट लावलं. काच गार होती. बोटाला ते नीट कळलं.

"पोरी, आधीचं तरी त्येनं केलेलं कुटं हुतं? तूच म्हनलीस, दोन-तीनदा नवं झालं. मग इतकी वरसं मी हात फिरवत हुते, ते कुनाचं हुतं?"