बर्फाचा कारखाना जिथे होता तिथून

"मागून बेडूक दिसते," योसेलिन म्हणाली. "जुनी कोलिब्री साधा बेडूक होती. ही बूट घातलेला बेडूक. लिही तसंच."

एमिल्सेने वहीत तसंच लिहिलं.

जानेवारीची सुट्टी चालू होती आणि आज गावात मतांचा दिवस होता. चर्चसमोरच्या फुटबॉलच्या मैदानात नवी कोलिब्री उभी होती, विजेवर चालणारी, स्वस्तातली, छोटीशी गाडी. जुनी कोलिब्री गावात सात-आठ जणांकडे होतीच. आता कंपनीने तिचं रूपडं पालटलं होतं. लायसन असेल त्याने दहा मिनिटं चक्कर मारायची आणि कार्डावर मत लिहायचं. मुलांना कार्ड नव्हतं. मग एमिल्से, योसेलिन आणि रान्दालने स्वतःची वही काढली. गाड्यांच्या बाबतीत रान्दाल जरा वेडाच होता.

मतं काय एकेक! फादर म्हणाले, सीट इतकी मऊ आहे की माझ्या प्रवचनात येते तशी झोप येईल. लिदिएथमावशीची बेकरी होती, तिने सरळ डिकीत पावाचे क्रेट घालून बघितले. "जुन्या गाडीत चार मावायचे. हिच्यात तीन. गाडी देखणी झाली म्हणून लोकांनी पाव कमी खायचा का?"

"आणि हँडलं कुठायत?" योसेलिनने विचारलं.

"आत लपलेली असतात," रान्दाल म्हणाला. "हात लावला की बाहेर येतात. पण बघ ना, मघाशी लगेच आलं होतं. आता किती वेळ लावतंय." मग तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. "ऐका. सकाळी मी चर्चच्या मागे काय पाहिलं सांगू? एक जुनाट पिकअप लावली होती आणि तिला जम्पर केबल जोडून ही गाडी चालू करत होते. नवीकोरी गाडी!"

तिघं थेट बारागान साहेबांकडे गेली. साहेब कंपनीचे. मेक्सिकोहून येऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. ते खुर्चीत बसून चिकन-भात खात होते.

"सकाळी केबल कशाला लावली होती?" रान्दालने विचारलं.

"ते नेहमीचंच असतं, बाळा."

"हँडल अडकतंय," एमिल्से म्हणाली.

"तुझं वय काय?"

"बारा."

"मग सहा वर्षांनी ये हं. तेव्हा तुझं मत नक्की घेऊ." आणि ते परत भाताकडे वळले. बाजूला उभा असलेला त्यांचा मेकॅनिक मात्र खाली मान घालून बुटांकडे बघत राहिला.

तेवढ्यात एमिल्सेच्या आजोबांचा नंबर लागला. आजोबा शहात्तर वर्षांचे, त्यातली तीस वर्षं त्यांनी गावची बस चालवली होती. कानांनी हल्ली फारसं ऐकू येत नव्हतं.

"मी जाते आजोबांबरोबर," एमिल्से म्हणाली.

"लहान मुलं नाहीत. विमा नाही," साहेब म्हणाले. खरं तर कुणीतरी मोठं माणूस बरोबर जायला हवं होतं. पण भात गरम होता. "जाऊन या, काका. दहा मिनिटं."

गाडी आवाज न करता निघून गेली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली. ऊन नुसतं टोचत होतं. मग एमिल्सेचा फोन वाजला.

"पोरी, ही बंद पडली," आजोबा म्हणाले. "मी नदी बघायला म्हणून थांबवली, रेडिओ लावला, आणि सगळंच विझलं. दार उघडत नाही. काच खाली येत नाही. आत फार उकडतंय."

"आजोबा, कुठे आहात तुम्ही?"

त्यांना ते ऐकूच आलं नाही. ते आपले बोलतच होते. "बर्फाचा कारखाना होता ना, तिथून तीनशे मीटर दक्षिणेला आणि पन्नास मीटर पश्चिमेला. फोनची बॅटरी पण..."

आणि फोन बंद. तिने परत लावला. पुन्हा लावला. बंदच.

आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. अमक्यापासून इतके मीटर, झालं. आणि ते अमकं पडून वीस वर्षं झाली तरी पत्ता तोच राहतो.

बारागान साहेबांनी फोनच्या नकाशात 'बर्फाचा कारखाना' टाइप केलं. "हा बघा, सापडला. हायवेवर!" आणि ते मेकॅनिकला घेऊन पिकअपने निघालेसुद्धा.

"तो नवा कारखाना आहे," एमिल्से मागून ओरडली. "आजोबा 'होता' म्हणाले. होता!" पिकअप गेली होती.

मग मोठ्यांची वादावादी सुरू झाली. फादर म्हणाले, कारखाना आता औषधाचं दुकान आहे तिथे होता. लिदिएथमावशी म्हणाली, छे, तो तर जळला, एमिल्सेचे आजोबा म्हणतात तो दुसरा. एक काका म्हणाले की माझे वडील तिथे कामाला होते, मला नका सांगू. आवाज चढले. कुणी जागचं हललं नाही. एमिल्से एकेकाच्या हाताला धरून ओढत होती. "चला ना. कुठेतरी चला ना." तिला रडू येत होतं आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"ह्यांचं संपायचं नाही," योसेलिन म्हणाली. "बर्फाचं बर्फवालीला विचारू."

कोपऱ्यावर डोन्या मिरेया गोळ्याची गाडी लावायच्या, बर्फाचा कीस, वर लाल सरबत आणि दुधाची पावडर. त्यांनी पत्ता ऐकला आणि किसणी खाली ठेवली.

"कारखाने दोन होते," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आजोबांसाठी एकच. रोज दुपारी बस थांबवून बर्फाचा तुकडा मानेवर ठेवायचे. उतारू शिव्या घालायचे. स्मशानाच्या खालच्या अंगाला, आता टायरवाला बसतो ना, तिथे. पळा. मी ह्या भांडखोरांना घेऊन येते."

तिघं सुसाट पळाली. टायरवाल्यापासून रान्दालने फोनवर अंतर धरलं. शंभर. दोनशे. तीनशे. तो थांबला.

दोन्ही बाजूंना नुसती कॉफीची झाडं. पश्चिमेला वळायला रस्ताच नाही. गाडी नाही, माणूस नाही.

"चुकलं," रान्दाल म्हणाला. "डोन्या मिरेया चुकल्या."

एमिल्से मटकन रस्त्यात बसली. दुसरा कारखाना गावाच्या त्या टोकाला. तिथे पोचायला अर्धा तास. तिला आजोबांची मान दिसत होती, घामाने भिजलेली. काही करता येत नव्हतं. काहीच.

"तू काय मोजत होतास?" योसेलिनने विचारलं.

"मीटर."

"खरे मीटर? अरे गाढवा, शंभर मीटर म्हणजे एक कोपरा! एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत. मग मध्ये एक घर असो नाहीतर अख्खा कॉफीचा मळा असो."

रान्दालने फोन खिशात कोंबला. अजून एकही कोपरा आला नव्हता!

पहिला कोपरा आला मळा संपल्यावर. दुसरा उसाच्या घाण्यापाशी. तिसरा येईपर्यंत एमिल्सेच्या पोटात कळ आली होती. वळली, आणि नदीच्या काठाला ती फिकट हिरवी गाडी.

आजोबा आत होते. डोळे अर्धे मिटलेले, तोंड लालबुंद. तिने काचेवर हात आपटले. त्यांनी डोळे उघडले आणि ते चक्क हसले, आणि तेच तिला सहन झालं नाही.

हँडल येईना. रान्दालने पलीकडच्या काचेवर धोंडा घातला. ओरखडा उठला. परत घातला. धोंडाच फुटला.

"मॅन्युअलमध्ये होतं," तो धापा टाकत म्हणाला. "सकाळी वाचलंय मी. दारात खाली खण असतो, त्यात रबर, रबराखाली वायरचा फास. तो ओढला की दार उघडतं."

"आजोबा, रबर काढा! रबर!" एमिल्से ओरडली. आजोबांनी कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. तिने वहीत मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावलं. त्यांनी खिसे चाचपले. वाचायचा चष्मा मैदानातल्या टेबलावर राहिला होता, निघण्याआधी कार्डावर नाव लिहायला काढलेला.

एक वीतभर अंतर, मध्ये काच, आणि ते मान टाकायला लागले.

मग ती त्यांच्या दारासमोर उकिडवी बसली, अगदी ते बसले होते तशी. डावा हात खाली नेला. काहीतरी खरवडून काढल्यासारखं केलं. बोट अडकवल्यासारखं केलं. जोरात ओढलं. पुन्हा. पुन्हा. आजोबा बघत राहिले. त्यांचा हात हलला, खाली गेला, थांबला. "खाली, आजोबा, अजून खाली," ती पुटपुटत होती, ऐकू जाणार नाही हे माहीत असून. खांदा हलला. खट्ट झालं.

दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. तिघांनी त्यांना ओढून सावलीत घेतलं. योसेलिन ओंजळीने नदीचं पाणी आणत राहिली.

डोन्या मिरेया आल्या त्या बर्फाची अख्खी लादी घेऊनच. मागून मावशी, फादर, भांडणारे काका. शेवटी पिकअप. बारागान साहेब उतरल्या उतरल्या म्हणाले, "काकांनी काहीतरी चुकीचं दाबलं असणार."

"सकाळी केबल कशाला लावली होती?" रान्दालने पुन्हा विचारलं. या वेळी सगळं गाव ऐकत होतं.

साहेब हातातली कार्डं चाळायला लागले. मेकॅनिकच बोलला. "हँडलं, काचा, सगळं एका छोट्या बॅटरीवर चालतं. ती मरायला टेकलेली होती. मी सांगितलं होतं साहेबांना. म्हणाले, आजचा दिवस काढू."

लिदिएथमावशीने साहेबांच्या हातातला कार्डांचा गठ्ठा काढून घेतला, फादरांकडे दिला आणि म्हणाली, "सगळ्यांनी पुन्हा लिहायचं. आणि आधी ही तिघं लिहितील."

"मी तीस वर्षं बस चालवली," आजोबा हळूच म्हणाले. मानेवरून बर्फाचं पाणी ओघळत होतं. "गाडी छान पळते. चढाला तर मजा येते. फक्त दाराला साधी मूठ लावा म्हणावं."

लोक हसले. फादरांनी रान्दालची पाठ थोपटली. डोन्या मिरेया योसेलिनला म्हणाल्या, तुझ्या डोक्याला तोड नाही. मावशी एमिल्सेच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "वाचवलंस गं, शहाणी पोर माझी."

एमिल्सेने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. आजोबांच्या ओल्या सदऱ्याचं टोक तिने मुठीत धरलं होतं. सगळे जायला उठले, आजोबाही उठले, तरी तिने ते सोडलं नाही.