शुभेच्छुकाचा चहा

खानावळीतून रुमालाने तोंड पुसत बाहेर आली आणि धम्मप्रिया जागच्या जागी थबकली. रस्त्याच्या पलीकडे ती स्वतःच उभी राहून हसत होती... दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर!

ऑगस्टची रिपरिप चालू होती. फ्लेक्सवरच्या तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. शिडीवर चढलेला एक तरुण दातांत सुतळी धरून नेमका तिच्या कानापाशी गाठ मारत होता. खाली तांबड्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं – 'लातूरच्या लेकींची लेखिका धम्मप्रियाताई म्हणतात, जेवावं तर ईश्वरप्पांच्याच खानावळीत!' आणि त्याखाली 'शुभेच्छुक' म्हणून अकरा जणांचे फोटो, गॉगलसकट.

धम्मप्रिया असं काही म्हणाली नव्हती. ती आत्ता कुठे पहिल्यांदा तिथे जेवून येत होती, आणि त्या वरणात डाळ शोधायला दुर्बीण लागली असती.

तिने रस्ता ओलांडला आणि सरळ शिडी हलवली.

"हळू, हळू हो! पडलो तर?"

"उतरा खाली."

त्याने खाली पाहिलं. मग फ्लेक्सकडे. मग पुन्हा खाली. दातांतली सुतळी गळून पडली.

"आयला... तुम्हीच की ओ!"

"हाव, मीच. आणि हे मी कधी म्हणाले?"

"मजकूर मालकानं दिला. तुम्ही न्हाई म्हणालाव?"

"न्हाई."

तो मारलेल्या गाठी सोडायला लागला. फ्लेक्स उतरला, गुंडाळला गेला. पलीकडून ईश्वरप्पा हात नाचवत ओरडत होते, तरी त्याने मान वळवली नाही.

"गिऱ्हाईक गेलं तुमचं," धम्मप्रिया म्हणाली. तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

"जाऊ द्या. माझ्या बहिणीनं तुमचं वाचूनच खोली घेतली होती. तिला कळलं असतं, तर घरात घेतलं नसतं मला." मग गुंडाळीकडे बघत तो जरा घुटमळला. "हे फाडायला पाहिजे, पण... फाडू वाटंना."

"का?"

"फोटो लई चांगला आलाय."

"आणि वर धम्मप्रियाताई छापलंय!"

"ते ताई मजकुरात होतं. माझ्या तोंडात न्हाई," तो म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघूनही गेला. रविकांत बनसोडे, खाडगाव रोडवरचा फ्लेक्सवाला. नाव तिला शिडीवर रंगवलेलं वाचून कळलं. घरी पोचेपर्यंत ती भिजली होती, आणि छत्री सबंध वेळ पिशवीतच होती.

तर ही धम्मप्रिया सोनकांबळे. पोटासाठी ती लोकांना मजकूर लिहून द्यायची... साडीच्या दुकानाचा, दवाखान्याचा, कुणाच्या लग्नपत्रिकेचा. मनासाठी मात्र तिची स्वतःची वेबसाइट होती, 'लेकींचं लातूर'. किनवट, देगलूर, निलंगा, उदगीर, कुठून कुठून पोरी इथे डॉक्टर व्हायची स्वप्नं घेऊन येतात. त्यांच्यासाठी ती खोल्या बघायची, खानावळीत जेवायची, अभ्यासिकेतले पंखे मोजायची आणि खरं खरं लिहायची. पानाच्या माथ्यावर एकच ओळ होती : 'इथे जाहिरात नाही.'

तिचा आणखी एक नियम होता. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. एकदा एका वसतिगृहाच्या बाईंनी प्रेमाने चहा-खारी दिली, आणि लेखात नळाला पाणी नसल्याचं लिहायचंच राहिलं. ते वाचून आलेल्या किनवटच्या एका पोरीने वर्षभर तीन मजले बादल्या वाहिल्या. ती पोर काही बोलली नाही, पण धम्मप्रियाच्या मनातून ते गेलं नाही.

पण खरेपणावर साइट चालत नाही. दिवसाचा निम्मा वेळ साइटवर फुकट राबण्यात जात होता. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. गेली असती तर साइट बंद. राहायचं तर जाहिरात घ्यायची. आणि जाहिरात घेतली की उद्या कुठली तरी पोर म्हणणार, ताई पण विकली गेली.

"काय करूलालीस गं, तासभर झाला त्या मोबाइलकडं बघून?" आईने विचारलं. भामाबाई अंगणवाडीत होत्या. पोरांची आणि माणसांची नस त्यांना एका नजरेत कळायची.

"जाहिरात घ्यावी का नको, बघतेय."

"आन् हसूलालीस कशाला मग?"

धम्मप्रियाने मोबाइल पालथा केला. त्यावर रविकांतचा मेसेज होता, साइटवरून नंबर शोधून पाठवलेला : 'फ्लेक्स अजून फाडला न्हाई. पावसात ठेवू का घरात?'

दोन दिवसांनी अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर तो भेटला. योगायोगाने, असं तो म्हणाला. त्याचं दुकान तिथून तीन किलोमीटर लांब होतं.

"दोन चहा," त्याने सांगितलं.

"एक-एक. माझे मी देणार."

"माझ्याबद्दल काय लिहिणार हाव का तुम्ही?"

"सांगता येत नाही."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा... हे तिने का टिपून ठेवलं, तिलाच ठाऊक! मग तिने, कुणास ठाऊक कसं, त्याला सगळं सांगून टाकलं. पुणं, साइट, माथ्यावरची ती ओळ.

रविकांतने कपाच्या काठावरून बोट फिरवलं.

"एक सांगू? आपल्याकडं फ्लेक्स लागला की लोक फसतात का? न्हाई. का? खाली शुभेच्छुक असतात. पैसे कुणी दिले, सगळ्या गावाला कळतं. लपवलं की घाण. तुम्ही बी खाली शुभेच्छुक लावा. उघड. ह्यांनी पैसे दिलेत, आणि ह्यांच्याबद्दल आम्ही लिहीत न्हाई, असं वर ठोकून लिहा."

"म्हणजे खानावळ, वसतिगृह, क्लास... यांची घ्यायचीच नाही?"

"घ्यायचीच न्हाई. सायकलवाला घ्या, शिलाईवाली घ्या."

धम्मप्रिया त्याच्याकडे बघतच राहिली. महिनाभर तिने डोकं खाजवलं होतं, आणि हा माणूस टपरीवर उभं राहून, चहा संपायच्या आत...

"आणि शुभेच्छुकाचा चहासुद्धा घेणार नाही मी," ती म्हणाली. "चहाच काय, काहीच नाही. नियम म्हणजे नियम."

"बरोबर हाय," रविकांत झटक्यात म्हणाला. "तर मग पहिली जाहिरात माझीच."

काय बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. ये रे बैला, घाल शिंगावर, अशातला प्रकार! तिच्या मात्र तिथेच ध्यानात आलं होतं. तिने 'हो' म्हटलं आणि मनात कुठेतरी बारीकसं टोचलं.

चार शुभेच्छुक मिळाले तर राहायचं, नाहीतर पुणं. तिने स्वतःशी ठरवलं. रविकांत गावभर फिरला. गंजगोलाईतल्या शिवकांताबाई शिलाईवाल्या आल्या. जुन्या सायकली विकणारा मल्लेश आला. फ्लेक्सचं कापड आणायला रविकांत नांदेडला गेला, तर तिथून कहकशांआपांना तयार करून आला. त्या अभ्यासाच्या नोट्स पुस्तकासारख्या बांधून पार्सलने पाठवायच्या. तिघे, आणि चौथा तो. रोज संध्याकाळी दोघं टपरीवर भेटायचे. दोन कप, दोघांची वेगवेगळी नाणी. एकदा जोराची सर आली, तर तिने त्याच्या छत्रीखालीसुद्धा यायला नकार दिला. मग त्यानेही छत्री मिटली, आणि दोघं दोन हातांच्या अंतरावर भिजत उभे राहिले. टपरीवाले ज्ञानोबा म्हणाले, "आसं येड आजवर बगितलं न्हाई बाबा."

रात्री तिला कळून चुकलं. तिला हा माणूस आवडत होता. खूप, अगदी आतून. आणि तो पानाच्या तळाशी, पैसे देऊन, चौकटीत बसला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने दोन कामं केली. संध्याकाळी टपरीवर आली तेव्हा रविकांत आधीच उभा होता, चेहरा पार उतरलेला.

"साइट बघितली," तो म्हणाला. "माझी जाहिरात न्हाई. पैसे बी वापस आले. काय... काय चुकलं का माझं?"

"काढली मी."

"अन् पुणं?"

"न्हाई म्हणून कळवलं सकाळीच."

"आवं, पण तीनच राहिले की! चार पाहिजे होते. कसं भागणार?"

"ओढाताण होईल. दोन लग्नपत्रिका जास्त लिहीन. चौथा तुम्ही शोधून आणाल... फिरायची सवय झालीये तुम्हाला." ती बोलत होती, पण हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "रविकांत, मी नियम मोडू शकत नव्हते. मग एकच उरलं. तुम्हाला शुभेच्छुकांतून काढायचं."

त्याला उमगायला वेळ लागला. मग डावा डोळा हळूच बारीक झाला.

"मग आता मी कोण?"

"फ्लेक्सवाले तुम्ही. तुम्हीच सांगा. शुभेच्छुक खाली असतात... वर मोठा फोटो कुणाचा असतो?"

"ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतंय त्याचा." तो म्हणाला. "तसा तुमचा फोटो महिन्यापासून हाय माझ्याकडं. दुकानाच्या आतल्या भिंतीला लावलाय. खालचा सगळा मजकूर कापून."

"सगळा?"

"ताईसकट."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. आभाळ गच्च दाटलं होतं, पाऊस अजून पडला नव्हता.

"धम्मप्रिया," तो पहिल्यांदाच नुसत्या नावाने म्हणाला, "मला तुम्ही लई आवडता. शिडी हलवली ना, तेव्हापासून."

"मग चहा पाजा की," ती म्हणाली. "महिनाभर वाट बघतेय."

रविकांतने खिशातून नोट काढून ज्ञानोबांपुढे ठेवली. सवयीने धम्मप्रियाचा हात पिशवीत गेला, नाण्याला लागला... आणि तिने तो रिकामाच बाहेर काढला.