दोन वाजून दहा मिनिटं

जिकरा परकारने बासितला पहिल्यांदा पाहिलं आणि पाहताक्षणी ती त्याच्यावर ओरडली. आधी हिंदीत, मग बॅग उचलताना स्वतःशीच मराठीत – "कसली माणसं पाठवतात ही!"

"म्हसळ्याची," तो शांतपणे म्हणाला.

ती थबकली. दारातला उंच, सावळा मुलगा हसत होता. दुपारच्या पाळीचा ओवैस अचानक रजेवर गेला, म्हणून कंपनीच्या सखीर गावातल्या शाखेतून याला इथे, तुबलीच्या शाखेत धाडलं होतं. ड्यूटी दोनची, आणि स्वारी उगवली दोन अकराला.

"मी खेडची. पण माझी घरी जायची व्हॅन गेली, त्याचं काय?"

"उद्या नाही जाणार. इंशाल्ला."

दुसऱ्या दिवशीही गेली.

ती आखातातल्या एका खासगी कंपनीची कंट्रोल रूम होती. शहरभरच्या शेकडो इमारतींचे फायर अलार्म तिथल्या स्क्रीनला जोडलेले. कुठे धूर झाला की लाल पट्टी पेटायची. लगेच त्या इमारतीच्या वॉचमनला फोन करायचा, खरंच आग आहे की कुणी बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळलाय ते विचारायचं. आग असेल, किंवा कुणी फोनच उचलला नाही, तर फायर ब्रिगेडला ब्लॉक, रोड आणि बिल्डिंग नंबर कळवायचा. पुढचा माणूस हेडफोन लावून रजिस्टरवर सही करेपर्यंत आधीच्याने खुर्ची सोडायची नाही, हा सगळ्यात कडक नियम. त्या नियमापायी जिकरा रोज अडकायची.

"आज काय झालं? टायर?"

"नाही... सिग्नल."

"काल टायर, परवा पेट्रोल! गाडी आहे की आजारी म्हैस?"

"तुम्ही रागावलात की नाक लाल होतं तुमचं. स्क्रीनसारखं."

"सही करा आधी!"

तो सही करायचा, सावकाश, एकेक अक्षर कोरत. ती बडबडत जिना उतरायची आणि जुलैच्या दमट उन्हात बसची वाट बघत उभी राहायची. मुहर्रकला घरापाशी पोचेपर्यंत ओढणी घामाने चिंब. घरी गेल्यावर आई, महमुदा, पाणी देत विचारायची, "आज काय म्हणाला तो म्हसळ्याचा?" आणि जिकरा अर्धा तास सांगत बसायची.

मग तो मंगळवार आला. वाऱ्याने धूळ उडत होती, सकाळपासून खोटे अलार्म वाजत होते. सुपरवायझर सुरेखा मॅडम वरच्या मजल्यावर मीटिंगला. दोन वाजून तीन मिनिटांनी एकदम दोन लाल पट्ट्या पेटल्या – मुहर्रकचं एक हॉटेल आणि इथलंच, तुबलीतलं एक गॅरेज.

गॅरेजच्या वॉचमनने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "मॅडम, आग! पेंट के कमरे में! अंदर आदमी है!"

जिकराने एका कानाला त्याला धरून ठेवलं, दुसऱ्या कानाला फायर ब्रिगेडला पत्ता सांगितला. वॉचमनला शटर उघडायला लावलं, बाकीच्यांना रस्त्यावर काढायला लावलं. हॉटेलची पट्टी तशीच पेटलेली, आणि तिला तिसरा कान नव्हता.

बासित आत आला तो हसतच. तिचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. त्याने दुसरा हेडफोन ओढला, हॉटेलला फोन लावला. बखूरच होता. तोवर गॅरेजच्या फोनमधून सायरन ऐकू आले, मग आरडाओरडा, आणि मग वॉचमनचा रडवेला आवाज – "निकाला... जिंदा है, मॅडम." पेंटरचा हात भाजला होता, पण जीव वाचला होता.

जिकरा खाली उतरली. सिक्युरिटीचे अझहरचाचा म्हणाले, "आज भी लेट हुई, बेटी? और वो तो डेढ़ बजे से गाडी में बैठा था. रोज बैठता है."

ती आल्या पावली वर गेली.

"रोज दीड वाजता येता? आणि खाली बसून राहता? कशासाठी?"

बासितने मान खाली घातली. "वेळेवर आलो की तुम्ही निघून जाणार. उशिरा आलो तर... दहा मिनिटं भांडता तरी."

तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. पण लगेच रागाने त्यावर मात केली.

"तिकडे माणूस जळत होता, बासित! आणि तुम्ही एसीत बसून माझ्या भांडणाची वाट बघत होतात?"

संध्याकाळी तो स्वतःहून सुरेखा मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. वॉर्निंग लेटर मिळालं आणि सखीरला परत बदली.

त्याच्या जागी वरुण आला. दोनला पाच कमी असताना हजर! सही झटपट, व्हॅन रोज वेळेवर. आणि जिकराला त्या वक्तशीर माणसाचा उगाचच संताप येऊ लागला. "हल्ली कुणाच्या नावाने बोटं मोडत नाहीस," आई म्हणाली. जिकरा तिच्यावरच चिडली.

महिन्याभराने सखीरच्या सकाळच्या पाळीला दुसरा माणूस आला. दोन्ही शाखांतला फोन नीट चालतो का, हे रोज दहा वाजता तपासायचं असतं. त्या दिवशी पलीकडून आवाज आला –

"लाईन टेस्ट. आवाज येतोय?"

तिने तो ओळखला. "येतोय."

"पेंटरला भेटून आलो काल. पुन्हा कामावर जातोय तो." "जिकरा, मी चुकलो. फार चुकलो. पण... मला तुम्ही आवडता."

"वेडे आहात का? ही लाईन रेकॉर्ड होते!"

"होऊ दे. लग्न कराल माझ्याशी?"

"असं विचारतात? ड्यूटीवर? लाईन टेस्टला?" तिचा आवाज चढला, मग एकाएकी खाली आला. "...शुक्रवारी अब्बा घरी असतात. ये. आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये, एकटा नको."

"तू... ये म्हणालीस?"

"फोन ठेव, बासित!"

मागे सुरेखा मॅडम फाईल घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"काय म्हणत होता सखीर?"

"लग्नाचं विचारत होता, मॅडम."

"आणि?"

"हो म्हटलं," जिकरा डोळे पुसत, वैतागून म्हणाली. "दुसरं काय म्हणणार? इतका छळतो माणूस!"