भिंतीपलीकडची शीळ

तो आत आला, हसला आणि मी त्याला दातांवरून ओळखलं. चेहरा पहिल्यांदाच बघत होते. पण डावीकडचा तो आडमुठा सुळा माझ्या चांगल्याच ओळखीचा होता.

मावशीच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी दातांचे प्लास्टरचे साचे करते. दात सरळ करायला त्याला तारा नको होत्या, म्हणून मावशीनं दातांवर चढवायच्या पारदर्शक पट्ट्या सुचवल्या; त्याही मीच करते. प्रत्येक नवी पट्टी आधीच्यापेक्षा केसभर सरळ. तेवढ्याशा हलक्या रेट्यानं हाडात रुतलेला दात सरकतो… रोज बघूनही माझं नवल काही सरत नाही. आणि आज तोच सुळा जिवंत होऊन माझ्याकडे बघून हसत होता. माझ्या हातातली कानस तशीच राहिली.

"पट्टी तडकली," तो म्हणाला. "डॉक्टरबाई म्हणाल्या, मागे भाची बसते, तिला दाखवा."

"काय चावलात?" मी मास्कआडून विचारलं.

"शिट्टी. पोहायला शिकवतो मी. पोरं दुसरं काही ऐकतच नाहीत."

मी पट्टी ठेवून घेतली, तरी तो हलेना.

"एक विचारू? मी खुर्चीत आ वासून पडलेला असतो, तेव्हा भिंतीपलीकडून कुणीतरी शीळ घालतं. ती ऐकत पडतो म्हणून, नाहीतर केव्हाच पळालो असतो. कोण असतं ते?"

माझी नजर फळीकडे गेली. फळीवर त्याच्या साच्याशेजारीच माझा साचा होता, वर माझी कोरी पट्टी. पुढच्या दोन दातांमधली फट बुजवायला मीच ती केली होती. शाळेत मला सगळे 'खिडकी' म्हणायचे. प्लास्टरच्या धुळीचं निमित्त सांगून मी दिवसभर मास्क लावते. खरं कारण ती फट. आणि शीळ येते ती तिच्यातूनच.

"शेजारी बांधकाम चाललंय, गवंडी असेल कुणी," मी म्हटलं.

"बरं." त्याचा चेहरा उतरला. "मग त्याला सांगा… फार बरं वाटतं ऐकून."

तो दारापर्यंत गेला. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी मास्क काढला.

"मीच ती," मी म्हटलं. "या फटीतून. उद्यापासून बुजवायला घेणार आहे."

तो बघतच राहिला. मी सवयीनं तोंडावर हात नेला… आणि खाली घेतला.

"दात तुमचे, मर्जी तुमची," तो हळूच म्हणाला. "पण एकदा समोर ऐकवाल? आजवर मधे भिंत होती."

मी शीळ घातली. सुरुवातीला नुसती हवाच गेली. मग सूर लागला. तो श्वास रोखून ऐकत होता. माझ्या तोंडाकडे असं भान हरपून कुणी पाहिलं नव्हतं. मला तो आवडला, तिथल्या तिथे, सुळ्यासकट.

बाहेर मावशीचं मशीन थांबलं. तिनं दारातून डोकावलं.

"अगं, उद्या तुझी पट्टी बसवायची ना?"

"नको मावशी. नुसते दात जरा पांढरे करून दे."

मावशीनं आधी माझ्या मास्क नसलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि परत आपल्या मशीनकडे गेली.

"माझी पट्टी कधी मिळेल?" त्यानं विचारलं.

काम अर्ध्या तासाचं होतं.

"उद्या या," मी म्हटलं.

"येतो," तो म्हणाला. "परवाही तडकेल बहुतेक."