तळाचा थर

फौजदार मयुरी पोचली तेव्हा सोमाजी गार पडला होता. तोंडाला फवारणीच्या विषाचा वास, उशाशी काढ्याची बाटली, आणि तिलाही तोच वास.

काढा बुधरीचा. झाडपाला उकळून ती खोकल्याला देई, आणि ही बाटली तिनं कालच दिली होती. झालं, गावानं निकाल लावून टाकला. बुधरी पोंभुर्ण्याच्या ठाण्यात बसली होती. खुनाचं बालंट चिकटलं, तर तिचा जन्म कोठडीत जाणार होता.

सोमाजीची बायको शकुबाई भिंतीला टेकून होती. डोळ्यांत टिपूस नाही.

"औषध कोणी दिलं, बाई?"

"मीच. हलवून देल्लं, बुधरी सांगते तसं."

"काल घरात कोण आलं होतं?"

"पुतण्या. अजय. मी चहा ठेवला त्याच्यासाठी."

अजय दारातच होता. "मी तं बुधरीचं औषध तोंडातई घालत नाई, मॅडम. मागच्या पावसाळ्यात देल्लेली बाटली अजून फडताळात पडून हाये."

"आणि तो गावातला दसरू? परवा तुझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, करंट लागून मेला तो?"

"डुकरासाठी वायर कोणं लावली, मले का मालूम?"

मयुरीनं सोमाजीची बाटली उलटी धरली. तळाला काळी खरवड, हलवून सुटेना. मग ती बुधरीच्या घरी गेली. कालच्या उकळीच्या बाटल्या ओळीनं होत्या, सगळ्यांचे तळ स्वच्छ. मागच्या वर्षीची एक उरली होती. तिच्या तळाला मात्र अशीच खरवड.

परत येऊन ती म्हणाली, "अजय, ती फडताळातली बाटली आण बरं."

त्यानं लगबगीनं आणली. मयुरीनं ती उजेडात धरली. तळ स्वच्छ.

"काढा ठेवून ठेवला की गाळ बसतोच, अजय. मग तुझ्या वर्षभर पडलेल्या बाटलीत गाळ नाही आणि म्हाताऱ्याच्या कालच्या बाटलीत एवढा थर, हे कसं? तुझ्या जुन्या बाटलीत तू घरी सवडीनं विष कालवलंस. काकू चुलीकडे गेल्या तेवढ्यात बाटल्या बदलल्यास. वायर तुझीच होती, आणि ते काकानं पाहिलं असणार."

"ठाण्यात जातो म्हणे काका," अजय पुटपुटला.

मयुरीनं ठाण्यात फोन लावला. "बुधरीला सोडा."

शकुबाई भिंतीकडेच पाहत होती. "लय हलवली मी बाटली," ती म्हणाली. "तळचं सुटेचना. मले वाटलं, औषध खालीच राह्यलं. म्हून अजून एक चमचा देल्ला."