दुपारच्या विमानाची हाक

आमच्या गावात दुपारच्या जेवणाची वेळ विमान ठरवायचं. सिंदेवाहीहून जंगलाच्या अंगाला निघालं की धानाच्या बांध्याच बांध्या लागतात, मध्ये एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीच्या पलीकडून साग-मोहाचं रान सुरू होतं. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारं विमान रोज या बांध्यांवरून जायचं. आवाज आला की बाया विळे दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर टाकायच्या आणि शिदोऱ्या सोडायच्या. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण तो काढायला चिखलाचा हात धुवावा लागतो. मान वर करायला काही लागत नाही.

ते विमान नीलपंख कंपनीचं आहे हे गावाला कळलं माझ्या बहिणीमुळे. नंदिनी नीलपंखमध्ये केबिन क्रू होती. तालुक्यातून विमानात नोकरीला लागलेली ती पहिलीच, त्यामुळे गावाने ते विमान तिच्याच नावावर करून टाकलं. 'नंदीचं विमान आलं' म्हणायचे. आमचे बाबा, देवराव, अंगणात उभे राहून वर हात करायचे. बहुतेक दिवशी ती त्या विमानात नसायचीच, भलत्याच दिशेला कुठेतरी असायची. मी हे बाबांना अनेकदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमच्या घरात भुताखेताला, अंगाऱ्या-धुपाऱ्याला थारा नाही. बावीस प्रतिज्ञा म्हणत आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझी मलाच पंचाईत होते.

नीलपंख म्हणजे देशाची कंपनी, निदान मिरवायची तरी तशी. पण शेवटची दोन वर्षं ती आजाऱ्यासारखी एकेक गोष्ट सोडत गेली. आधी गरम जेवण गेलं, मग पांघरुणं गेली, मग पगार लांबायला लागले. नंदिनी फोनवर सांगायची, "दादा, एका विमानाचं इंजिन काढून दुसऱ्याले लावून राह्यले. जे बिनइंजिनचं उरते ते तिथीच उभं." तरी तिने दुसरीकडे अर्ज केला नाही. घरचं माणूस खाटेवर पडलं म्हणून कोणी घर बदलतं का, म्हणायची.

एका दुपारी कंपनी बंदच झाली. तेव्हा नंदिनी विमानातच होती. प्रवासी बसले होते, दार लागलं होतं, पट्टे बांधून झाले होते. इंधनाची गाडी काही येईना. बऱ्याच वेळाने दार पुन्हा उघडलं आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, पहिल्यांदाच विमानात बसलेले. ते सारखी डोक्यावरची बेल दाबायचे. ही गेली की विचारायचे, "बाई, पोचवान ना?" आणि ही दर वेळी म्हणायची, "पोचवते काका."

"मी त्यायले पोचवतो म्हटलं होतं, दादा," एवढंच ती मला बोलली. हे सांगताना तिचा आवाज फुटला.

ती घरी आली ती अशी. सकाळी उठून केसांचा घट्ट अंबाडा घालायची, त्यावर जाळी लावायची, आणि मग दिवसभर स्लिपर घालून अंगणात बसायची. कंपनी पुन्हा उडेल अशी तिला आशा होती. तिचे सोबती एकमेकांना तसे निरोप पाठवायचे. बेल वाजली की हातातलं टाकून उठायचं, ही सवय तर तिच्या अंगात इतकी मुरली होती की रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा गेली तरी ही उभी. मी चिडवायचो, "बस, तो तुले नाई बोलावून राह्यला." ती हसायची, पण बसायला तिला थोडा वेळ लागायचा.

नागपूरच्या एका हॉटेलने तिला काम देऊ केलं होतं. ती ना हो म्हणायची ना नाही. आई रात्री-बेरात्री उठून पाहायची, पोर झोपली की नाही. आम्हाला तिची नोकरी नको होती, पगार नको होता. आम्हाला ती परत हवी होती, पूर्वीसारखी भांडणारी, आईच्या हातचं खाऊन आणखी मागणारी.

दिवाळीच्या सुटीत धानकापणी निघाली. मी बांधीत उभा राहून कापून पसरलेल्या धानाच्या कडपांवर लक्ष ठेवत होतो. आवाज आला, बायांनी विळे टाकले, मीही डबा उघडला. अर्धा भात खाऊन झाल्यावर माझा हात थांबला. नीलपंख बंद होऊन दोन-अडीच महिने झाले होते.

वर पाहिलं. कार्तिकातलं आभाळ, एक ढग नाही. आवाज उत्तरेकडून निघून आमच्या डोक्यावरून दक्षिणेला सरकत होता, आणि त्या वाटेवर काहीच नव्हतं. असेल दुसऱ्या कंपनीचं, उन्हात दिसत नसेल, म्हणून मी मोबाईलवर विमानांचा नकाशा उघडला. नागपूरच्या जवळ एक ठिपका होता. आमच्यावर काही नव्हतं.

रुखमाबाई कापणीच्या बायांची म्होरकी. रानाच्या कडेच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतली, गोंड बाई, वयाने आईच्या बरोबरीची. तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, हे विमान बंद नव्हतं झालं?"

"झालं होतं ना." ती कांद्याला मीठ लावत होती. "मधी येतच नव्हतं. तुमची पोरगी घरी आली, मंग आलं."

दुसऱ्या दिवशीही ते आलं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं की ते नेहमीपेक्षा खालून जातंय. चौथ्या दिवशी वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. बोडीवरचे बगळे एकदम उठले. वारा नसताना उभ्या धानाच्या लोंब्या एका अंगाला वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. उन्हात बसलो असून माझ्या दंडावर काटा आला, कारण हवा गार झाली होती, बंद खोलीतल्या गारव्यासारखी. कॉफीचा वास आला. आमच्या बांधीत आजवर कोणी कॉफी प्यायलेलं नाही.

मग आवाजाच्या आतून, अगदी स्पष्ट, एक बेल वाजली. टिंग. एकदाच.

बायांनी माना खाली घातल्या आणि जेवत राहिल्या. वाघाच्या भीतीने त्या नेहमीच एकमेकींना खेटून बसतात, त्या दिवशी आणखी खेटल्या. आवाज गेल्यावर रुखमाबाई म्हणाली, "मास्तर, तुमी ओ देऊ नका."

"कोणाले?"

"कोणालेबी. रानात मोहफुलं येचाले जातो ना आमी, तवा एकडावची हाक आली त ओ देत नाई. माणूस असंल त आखीन मारते. तीनदा मारते. जे एकडावच मारते थे माणूस नसते." तिने डबा बांधला. "ओ देल्ली का आपण त्याच्या कामाले लागलो."

"काय काम?"

"थे ज्याचं त्याले मालूम."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं, विज्ञानाचा मास्तर म्हणून. मी एवढंच केलं की घरी कोणाला सांगितलं नाही, आणि नंदिनीला बांधीकडे येऊ द्यायचं नाही असं मनाशी ठरवलं. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे हल्ली दुपारी काहीच ऐकू येत नव्हतं. बाबा मात्र सवयीने अंगणात येऊन रिकाम्या आभाळाकडे बघून परत आत जायचे.

त्याच आठवड्यात नंदिनी हॉटेलला हो म्हणाली. आईने तिची बॅग भरायला घेतली. मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी गाणं गुणगुणत बांधीवर गेलो, आणि डबा घरीच विसरलो. विसरलेला डबा कोण घेऊन येणार, हा विचार माझ्या डोक्यात आला तो ती धुऱ्यावरून येताना दिसली तेव्हा.

अंबाडा घातलेला, जाळी लावलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत ती तोल सांभाळून चालत होती. अरुंद वाटेवरून चालायची तिला सवयच होती.

"दादा, आईने वांग्याची भाजी देल्ली. पूर्ण खाजो म्हणे."

"ठेव तिथी अन् जाय घरी. ऊन हाये."

"मले काऊन हाकलून राह्यला? उद्या जातोच आहो ना मी." ती हसली. "बायांसंगं बसून जेवतो आज."

रुखमाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी नंदिनीचा हात धरून चालायला लागलो. "चल, मीच पोचवून देतो तुले." आम्ही बोडीपर्यंतही गेलो नव्हतो, आणि आवाज आला.

या वेळी तो लांबून आला नाही. तो होताच, आम्ही त्यात शिरलो.

बगळे उठले. लोंब्या वाकल्या. नंदिनीने वर पाहिलं नाही. तिने डोळे मिटले, आणि तिचा चेहरा सैलावला. घरी आल्यापासून मी तिला असं पाहिलंच नव्हतं.

"हे आमचंच आहे, दादा."

"काहीच नाई ते. चाल."

"मागच्या रांगेत किती थंडी हाये, पाह्य ना. पांघरुणं पण नाई."

मागून रुखमाबाई धावत आली. "पोरी, चूप राय. काई आलं त बोलू नोको."

मी नंदिनीचं मनगट घट्ट धरलं. दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवायला उचलला.

टिंग.

मी तिचा भाऊ आहे, तिला पाठीवर घेऊन मी ही बोडी ओलांडलीय. पण बेल वाजल्यावर उठण्याचा तिचा सराव माझ्या हातापेक्षा चपळ होता.

"आले काका," ती म्हणाली. "आलेच."

आवाज थांबला. लांब गेला नाही, विरला नाही, थांबला. बोडीतलं पाणी हललं तेवढंच. बाया आपापल्या हातांकडे बघत उभ्या होत्या. रुखमाबाईने माझ्या हातातून नंदिनीचं मनगट सोडवलं, तिच्या तळव्यावरून हात फिरवला, आणि विळा उचलून कामाला लागली. त्या दिवशी बाया जेवल्याच नाहीत.

नंदिनी मात्र माझ्याजवळ उभी होती, सगळीच्या सगळी. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून पाहिलं.

"काय पाह्यतं?" ती म्हणाली. "भूक लागली मले."

ती भरपूर जेवली, बाबांशी वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. तिथून रोज फोन करायची. काम चांगलं आहे, लोक चांगले आहेत, झोप लागते. आई फोन ठेवून पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, पोरगी आली परत. मीही तेच म्हणायचो. मनातून म्हणायचो. विमान त्यानंतर कधी आलं नाही. बाया आता मोबाईल पाहून जेवतात.

पहिल्याच सुटीला ती घरी आली. दुपारची वेळ होती. आईने नव्या तांदळाचा भात केला होता, आम्ही चौघं स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. नंदिनी तिच्या हॉटेलातल्या एका चिडक्या पाहुण्याची नक्कल करत होती आणि बाबा ठसका लागेपर्यंत हसत होते. मधेच तिने, विमान उतरताना कानात दडे बसतात तसं, दोनदा आवंढा गिळला आणि कानाच्या पाळीखाली बोटाने दाबलं. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी पाणी घ्यायला हात पुढे केला. फरशीवर चार काचेचे ग्लास होते. दरवर्षी सातवीच्या मुलांना मी शिकवतो, भांडं कसंही असो, पाणी आपली पातळी राखतं. तीन ग्लासांत ती राखलेली होती. नंदिनीच्या ग्लासातलं पाणी एका काठाला चढलं होतं आणि दुसऱ्या काठाला उतरलं होतं. ग्लास सरळ उभा होता. त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते दिसत होतं. ती माझ्याकडे बघून हळूच हसली, धीर देणारं, ओळख नसलेल्या माणसालाही देता येतं तसं.

आई भाताचं पातेलं घेऊन उठायला लागली.

"आई, बस," नंदिनी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घरातला नव्हता, प्रवाशांना सूचना देतानाचा, गोड आणि सावकाश. "आता कोणी उठू नका. थोडंच राहिलं."

"काय राह्यलं वं?" आईने विचारलं.

नंदिनीने ओढणी पट्ट्यासारखी कमरेला आवळली. आई पातेलं खाली ठेवून बसली. ग्लासातलं पाणी आणखी थोडं कललं.